खंडेनवमीची साफसफाई

वर्दी उतरवून बरीच वर्षं झाली, पण दसरा जवळ आला की तळोज्याच्या रंगाच्या कारखान्यातली ती केस हमखास आठवते आणि हसू येतं.

नव्वदच्या दशकात मी त्या भागात इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी ठाणे अंमलदाराने निनावी फोनवरची खबर स्टेशन डायरीत नोंदवली : शेजारच्या नावडे गावचा एक ऑपरेटर मुद्दाम जास्त वाफ सोडून माल जाळतोय. पाठोपाठ मालक लेखी तक्रार घेऊन हजर.

"घातपात आहे, साहेब. कारखान्यासाठी जमीन गेली म्हणून तो डूख धरून आहे. आजच अटक करा."

निनावी खबर देणाऱ्याचा डोळा बहुधा दुसऱ्याच्या नोकरीवर असतो. तरी तक्रार आली की चौकशी आलीच.

ऑपरेटर पन्नाशीचा. खुर्ची दिली तरी बसेना.

"सायेब, मी काय केलं नाय. काट्यावर बगून वाफ सोडतो. काटा खुनेवर आला का बंद. पोरीचं लगीन ठरलंय. मना आत टाकलात तं सोयरीक मोडंल."

माणूस खरा वाटत होता, पण वाटण्याचा पंचनामा होत नाही. मी विचारलं, "काका, माल कधीपासून जळतोय?"

"दसऱ्यापासून."

"दसऱ्याला काय केलंत?"

त्याचा चेहरा एकदम खुलला. "खंडेनवमीला सगली मशीन मीच धुतली, पुसली, हार घातला!"

"चला, काय काय पुसलंत ते दाखवा."

कारखान्यात बाहेरून वाफेने तापणारी स्टीलची मोठी टाकी होती. तिच्यातल्या रंगात काट्याचा थर्मामीटर थेट बुडत नाही. आत सोडलेल्या, बुडाशी बंद असलेल्या नळीत तो उभा राहतो. काकांनी तो उपसून दाखवला.

"हिच्यात कालं चिकट तेल साचलं व्हतं. चिंधी घालून पार कोरडी केली."

शेजारी उभ्या असलेल्या कारखान्याच्या इंजिनिअर बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो काका, ते तेल मुद्दाम भरलेलं असतं! आम्ही थर्मामीटर तपासून आणला, पण नळीत कुणी डोकावलंच नाही."

तेल गेल्यावर नळीत उरली नुसती हवा. आतली उष्णता थर्मामीटरपर्यंत नीट पोचेना. माल करपला तरी काटा खुणेच्या खालीच, आणि काका इमानाने वाफ सोडतच होते.

मी पंच बोलावले. टाकीत पाणी तापवलं. काटा एका जागी थांबल्यावर बाईंनी नळीत तेल ओतलं, आणि वाफ न वाढवता तो वर चढू लागला. मालक खाली बघू लागले. तक्रार त्यांनी त्याच दिवशी मागे घेतली.

"म्हंजे मीच केलं का, सायेब?" काकांनी विचारलं.

"केलंत, पण भक्तिभावाने. त्याला आमच्याकडे कलम नाही."

पुढे नोकरीभर मी एक सवय ठेवली. "काय वाईट केलंस?" याला सगळे "काही नाही" म्हणतात. म्हणून मी आधी "चांगलं काय केलंस?" असं विचारायचो. माणसं मोकळेपणी बोलतात, आणि पुष्कळदा गफलत तिथेच सापडते.

पुढच्या खंडेनवमीला कारखान्याचं आमंत्रण आलं. सगळी मशीनं लखलखत होती. त्या नळीचं तोंड तेवढं तेलकट, काळं. काकांचा नवा जावई हारांची टोपली धरून उभा होता. उत्साहाने फडकं घेऊन तो पुढे सरसावला. काकांनी त्याचा हात धरला.

"जावईबापू, हिला निस्ता हार. पुसायचं नाय."