सुरेखाबाईंचा शनिवारचा तास

बजाजनगरच्या एका शाळेत सुरेखा तुपे बावीस वर्षं मराठी शिकवत आल्या आहेत. एवढ्या काळात त्यांच्या हातून एकच गैरप्रकार घडला: मुलांना वाचनाची गोडी लागली. दर शनिवारी शेवटच्या तासाला त्या परदेशी गोष्टींची मराठी भाषांतरं वाचून दाखवत आणि घंटा झाली की वाक्य अर्धं असलं तरी पुस्तक मिटत. एरवी शनिवारी दांडी मारणारी मुलं ताप असला तरी येऊ लागली.

मुख्याध्यापक अप्पाराव यांना हा तास सलत होता. त्यात त्यांना शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायच्या होत्या.

"बाई, परदेशातला बर्फ परीक्षेत येतो का?"

"नाही येत सर. म्हणूनच मुलांच्या लक्षात राहतो."

अखेर सरांनी सभेत जाहीर केलं: पालकांचा शब्द शेवटचा. एक जरी लेखी तक्रार आली, तर तास बंद.

तक्रार फेब्रुवारीत आली, सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी, पायी चालत. सातवीतल्या प्रांजलीची आजी बानाबाई. वाळूजच्या पलीकडे मोकळ्या रानात त्यांच्या मेंढरांचा मुक्काम होता.

"गोष्टीवाल्या बाईंची तक्रार हाय," त्या म्हणाल्या.

सरांनी त्यांना खुर्ची दिली. पालकाला खुर्ची मिळण्याची त्या वर्षातली ही पहिलीच वेळ. बानाबाईंना लिहिता येत नव्हतं, म्हणून सरांनी स्वतःच कागद ओढला आणि सुरेखाबाईंना साक्षीला बोलावलं.

"सांगा मावशी. शब्दन् शब्द लिहितो."

"लिहा. शनवारी पोरीनं घरी येऊन बाईंची गोष्ट सांगितली. बर्फात कोकरू हरवलं म्हनून त्यो मेंढपाळ बाबा कुत्र्याच्या भरवशावर कळप टाकून गेला. असं जातं व्हय कुनी? दोन दिस झाले घरात भांडन चाललंय. म्हातारा म्हनतो त्यो मेला, ल्योक म्हनतो परत येतो."

'घरात कलह', सरांनी आनंदानं लिहिलं.

"आन् बाई मधीच थांबत्यात. परवा आमचा मुक्काम हलनार. मंग पुढचं कोन सांगनार? आठवड्याला एक तास लई कमी पडतो. वाढवा."

सरांचं पेन थांबलं.

"लिहा की. शब्दन् शब्द म्हनला ना तुमी."

त्यांनी लिहिलं. बानाबाईंनी अंगठा उठवला, सुरेखाबाईंनी अगदी गंभीर चेहऱ्यानं साक्षीची सही केली, कागदावर आवक क्रमांक पडला. पालकांचा शब्द शेवटचा असल्यामुळे मंगळवारी जादा तास झाला, तोही मुख्याध्यापकांच्या 'यशाचा मार्ग' या व्याख्यानाच्या वेळेत. व्याख्यान हुकल्याचं दुःख मुलांनी धीरानं सोसलं.

बानाबाई शेवटच्या बाकावर बसून ऐकत होत्या. कोकरू सापडलं, मेंढपाळ परतला, पुस्तक मिटलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "पर एकट्या कुत्र्यानं कळप कसा राखला, ते लिवलंच नाय."

आणि त्या उठून थेट ऑफिसकडे निघाल्या. अप्पाराव सर नेमके तेव्हाच तातडीच्या कामासाठी क्रांती चौकात गेले होते.