बाबांची हिरवी ज्योत

श्रीवर्धनला बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाबांचं फ्रीज आणि एसी दुरुस्तीचं दुकान आहे. यंत्रातला गॅस कुठून गळतो ते शोधायला त्यांच्याकडे एक छोटा दिवा होता. खाली इंधनाची टाकी, वर तांब्याची चकती, बाजूला एक रबरी नळी. नळीचं तोंड जोडाजोडांवरून फिरवायचं. गळती असेल तिथला गॅस नळीतून आत ओढला जायचा आणि निळी ज्योत हिरवी व्हायची.

समुद्राच्या वाऱ्यानं ज्योत विझायची, आणि उजेडात हिरवा रंग ओळखू यायचा नाही. म्हणून दुकान बंद करून घ्यायचं. कॉलेजच्या सुट्टीत ते काम माझं. "दार लाव गो बाय," बाबा म्हणायचे. मी शटर ओढायची, मागच्या दाराला कडी घालायची. आत घसा खवखवायचा. काम झालं की दोघं खोकत बाहेर यायचो आणि चहा प्यायचो.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी त्यांना सांगितलं, हिरवा रंग गॅसचा नाही, तांब्याचा. गॅसमधला क्लोरीन तापलेल्या तांब्याला धरतो, म्हणून तो रंग दिसतो. बाबांना फार आनंद झाला. मासळी विकणाऱ्या एका मावशी फ्रीझर घेऊन आल्या, तर त्यांनाही सांगू लागले, "रंग तांब्याचा हाय. आमची बाय शिकलीय त्यातलं."

"रंग कुणाचा बी असूं दे," मावशी म्हणाल्या, "माझी सुरमई सडतेय ती बघ आधी."

आमच्या घरात दहावीपुढे गेलेली मी पहिली. त्या दुकानानं मला शिकवलं, हे मी कधी विसरले नाही. म्हणूनच पुढचं सांगणं जड जातं.

आता मी ज्या प्रयोगशाळेत काम करते, तिथे ओझोनचा थर खाणारे हेच जुने गॅस नष्ट करतात. तापलेल्या नळीत एक पांढरी पूड असते, उत्प्रेरक. वाफेबरोबर गॅस तिच्यावरून सोडला की तो फुटतो. पहिल्याच आठवड्यात आमच्या प्रमुख मॅडमनी नळीच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. "इथून जे निघतं ते आम्ल. काही चुकलं तर त्याहून वाईट, फुफ्फुसं जाळणारं. हे टोक कधीही उघडं राहता कामा नये."

मी विचारलं, "आणि हाच गॅस उघड्या ज्योतीत, तापलेल्या तांब्यावर गेला तर?"

"तर तिथेही तसलाच विषारी धूर. पण असं कोण करतं?"

मी दर रविवारी फोनवर बाबांचा खोकला ऐकत राहिले. तो खाऱ्या हवेचा, असं ते कित्येक वर्षं म्हणत आले होते. सांगायला मला दोन महिने लागले.

सुट्टीत घरी गेले तेव्हा हरिहरेश्वरच्या एका लॉजचा जुना एसी टेबलावर उघडा पडला होता. बाबांनी दिवा पेटवला. "दार लाव गो."

मी लावलं नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं.

"तुमच्याकडं त्या टोकाला कोण बसतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. सगळं काचेआड असतं. धूर सोड्याच्या पाण्यात सोडतात, पाणी तो पिऊन टाकतं."

"म्हंजे इथं सोड्याचं पाणी मीच," बाबा हसले. हसता हसता खोकला लागला आणि बराच वेळ थांबला नाही.

"दार मीच लावायची, बाबा."

"मीच सांगायचो ना. तुला काय ठावं?"

"रंग कुठून येतो ते ठाऊक होतं. धुराचं कधी विचारलंच नाही."

बाबांनी ज्योत विझवली. मागचं दार सताड उघडलं, मोरीवरचा साबण आणून वाटीत कालवला आणि ब्रशनं एकेका जोडाला लावू लागले. "बघ गो, फुगा येतो का? मला दिसत न्हाय."

तिसऱ्या जोडावर हळूहळू एक फुगा येत होता. मी दाखवला. त्यांनी पान्यानं जोड आवळला, परत साबण लावला.

"उद्या म्हसळ्याला जाऊ," मी म्हणाले. "छातीचा फोटो काढून घेऊ."

"आधी हा एसी पोचवतो."

"आधी फोटो."

वाऱ्यानं टेबलावरचे कागद उडाले. ते गोळा करत बाबा म्हणाले, "बरं. सकाळच्या एसटीनं." अर्धं खाली असलेलं शटरही मी पूर्ण वर केलं.