वहिनीचं बहिरेपण

माझ्या भाचीचा आवाज लहानपणी घरात कुणाला झेपायचा नाही. आदिलाबादला माझ्या भावाचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, दुकानाच्या मागेच घर. ती मागच्या अंगणातून हाक मारायची आणि दुकानात वही चाळणारं गिऱ्हाईक दचकून वर बघायचं. "हळू बोल ना पोरी," म्हणून वहिनी थकली. पुढे ती कॉलेजासाठी हैदराबादला गेली. तिथे पियानो शिकवणाऱ्या एका वयस्कर बाईंनी हाच आवाज ऐकला आणि तिला शिकवायला घेतलं. सहा-सात वर्षांत ती ऑपेरात गाऊ लागली. बायकांच्या आवाजातल्या सगळ्यात वरच्या पट्टीला सोप्रानो म्हणतात, आपली भाची सोप्रानो आहे, हे मी शाळेत सहकारी शिक्षिकांना सांगत असे. वहिनीला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "गानं शिकून राह्यली. आपल्याकडचं नाई, तिकडचं."

गेल्या फाल्गुनात भाचीचा फोन आला. तिची ऑपेराची मंडळी आदिलाबादजवळच्या मावल्याच्या एका फंक्शन हॉलमध्ये तासाभराचा विनोदी ऑपेरा करणार होती. संगीत तिच्या बाईंचं, गोष्ट आणि शब्द तिचे, तेही आपल्या इकडच्या मराठीत. मुख्य भूमिका अर्थातच तिची.

"आत्या, आई-बाबांना पहिल्या रांगेत बसव. गोष्ट काय आहे ते मात्र विचारू नको."

रविवारी दुपारी आम्ही तिघं गेलो तेव्हा साउंडवाल्याशी तिचा वाद चालू होता. त्याने चार माइक लावले होते आणि तिला एकही नको होता. "मॅडम, मागच्या लोकांना काय ऐकू येनार?" तो कळवळून म्हणाला. ती म्हणाली, "येईल. फक्त पंखे बंद करा, त्यांची घरघर नडते." मार्चच्या उकाड्यात पंखे बंद झाले. हॉलभर कुरकुर झाली. जवळच्या तामसी गावाकडची भाजीवाली मंडळी बसने आली होती, बायकांनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली.

पडदा सरकला. एका बाजूला दुकानाचं काउंटर, त्यावर बसलेला नवरा. हे काम वरंगलचा एक तेलुगू तरुण करत होता. त्याने मराठी ओळी पाठ केल्या होत्या. त्याने खर्जात सूर लावला, "चहाऽऽ!" आतून भाची धावत आली. पदर कमरेला खोचलेला, अगदी वहिनी खोचते तसा. चहा दिला की "पेन्सिलींचा डबा!", डबा दिला की "दोरी कुठाय!", दोरी सापडली की "इकडं ये!" आणि ती आली की "काही नाही, जा." लोक खदखदून हसत होते. माझा भाऊ सगळ्यात जोरात.

मग ती एकदम थांबली. प्रेक्षकांकडे बघून तिने दोन्ही कानांत बोटं घातली आणि गाऊन जाहीर केलं की आजपासून मला ऐकू येत नाही.

मी वहिनीकडे बघायचं टाळलं. कारण ही गोष्ट खरी होती, आणि तिला ती मीच सांगितली होती.

भाचीच्या जन्माआधीची गोष्ट. वहिनीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. भाऊ दिवसभर दुकानातून हाका मारायचा. एक दिवस तिने ऐकणंच बंद केलं. तीन आठवडे. तो तिला यवतमाळला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं, वहिनीशी दोन मिनिटं बोलले, आणि त्याला आत बोलावून गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "नसा दमल्या आहेत. हिला हाक मारायची नाही. काम असलं की उठून जवळ जायचं आणि हळू सांगायचं." आठवड्यात वहिनीला ऐकू यायला लागलं. भावाने मात्र ते पथ्य सोडलं नाही. आजही तो काउंटरवरून उठतो, आत येतो आणि मग बोलतो. हे गुपित वहिनीने एकट्या मला सांगितलं होतं, आणि दोन वर्षांपूर्वी तुरीच्या शेंगा सोलता सोलता मी ते भाचीपाशी बोलून गेले होते.

स्टेजवर आता ती एकटी होती. नवरा हाका मारून थकून गेला होता. ती खाली बसली आणि चोरून ऐकू लागली. एवढ्या दिवसांत हाकांमुळे न ऐकलेलं सगळं. फोडणीतली मोहरी तिने बारीक तुटक सुरांत तडतडवली. कुकरची शिट्टी तिने इतक्या वर नेली की साउंडवाला खुर्चीवरून उठून उभाच राहिला. शेजारणींचं भांडण एकटीने दोन आवाजांत केलं. मध्येच तिला हसू फुटलं, आणि ते हसूसुद्धा सुरातच वर वर चढत गेलं. माझ्यामागची एक बाई म्हणाली, "मायबाई, श्वास कवा घेते ही?" हॉल टाळ्यांनी भरून गेला. पदराने वारा घ्यायचं सगळ्या विसरल्या होत्या.

भाऊ हसायचा थांबला होता. स्टेजवर कानाचा डॉक्टर आला तेव्हा तो हळूच वहिनीकडे वळला.

"काऊन गं, हे आपलंच होय का?"

वहिनी समोर बघत म्हणाली, "काय म्हनता? ऐकू नाई आलं."

भावाने तिच्याकडे पाहिलं. मग त्याचे खांदे हलू लागले. हसतोय की काय, ते मला अंधारात कळेना.

प्रयोग संपला, पंखे सुरू झाले. वहिनीने माझा दंड घट्ट धरला. "तुमीच सांगितलं ना ताई?" मी मान खाली घातली. "बरं झालं बापा," ती म्हणाली, "मले तर ह्यायले सांगनं या जन्मात जमलं नसतं."

आम्ही पडद्यामागे गेलो. भाची तोंडावरचा रंग पुसत होती. बापाला बघून तिचा हात थांबला.

"बाबा, राग आला?"

"गानं चांगलं झालं," भाऊ म्हणाला. "पन तुह्या गोष्टीत एक चुकलं."

"काय?"

"तो नवरा नुसता वैतागतो. मी वैतागलो नवतो. भेलो होतो. वाटलं, आता हिले माह्यं बोलनं कदीच ऐकू येनार नाई. तमाखू सोडला म्या तवा. हिचे कान येऊ दे म्हनून."

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, तंबाखू त्याने दात दुखतात म्हणून सोडली.

"मले कदी सांगितलं नाई तुमी," ती म्हणाली.

"बहिऱ्या बाईले काय सांगू?"

भाचीने आधी हसायचा प्रयत्न केला, मग तिला रडू आलं. तोंडावरचा अर्धा रंग बापाच्या सदऱ्याला लागला. वहिनी लगेच ओला रुमाल घेऊन ते डाग घासायला लागली आणि घासता घासता लेकीला म्हणाली, "ती कुकरची शिट्टी लई झाक केली तू. मी हळू बोल हळू बोल म्हनत होती, तू माह्यं ऐकलं नाई ते बरं झालं."

पावसाळ्यात हैदराबादला पुन्हा प्रयोग ठरला. भाचीने मधल्या काळात नाटकातल्या नवऱ्यासाठी एक नवं गाणं लिहिलं होतं. बायको झोपल्यावर तो तिच्या उशाशी बसून हळू आवाजात तिचं नाव घेतो. भाऊ आणि वहिनी रेल्वेने गेले. दुकान मी सांभाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला.

"कसं झालं?" मी विचारलं.

"पोरगी लई भारी गायली. लोक उभे राहून टाळ्या वाजवून राह्यले होते."

"आणि नवं गाणं?"

"तो पोरगा लईच रडला गं. मी काई एवढा रडलो नवतो."

मागून वहिनी काहीतरी म्हणाली आणि दोघंही हसायला लागले.