ऑफिसच्या दारात संपलेली लंगडी

मला मदत केली ती मगदूम बाईंनी. हे नाव आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढचं लिहिताना घाबरून नेमकं तेच राहून जाईल. शाळेत खेळ शिकवणाऱ्या मगदूम बाई जाऊन आता सव्वा महिना झाला. त्यांच्या शोकसभेत त्यांची एक चूक हसत हसत सांगितली गेली. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. मी तिथंच तिसऱ्या रांगेत बसलो होतो, आणि गप्प बसलो.

मी पेंटर. चंदगडच्याही पलीकडचा, काजूच्या रानातला. आठवीत शाळा सोडली. परिस्थितीमुळं सोडली असं लोकांना सांगतो, ते ऐकायला बरं वाटतं. खरं कारण असं की मास्तरांनी उभं केलं की माझा घसा बंद व्हायचा, येत असलेलं उत्तरसुद्धा बाहेर पडायचं नाही. एक दिवस गेलोच नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, संपलं. कोल्हापुरात आलो, शाहूपुरीत दुकानांचे बोर्ड रंगवायला शिकलो. पुढं फ्लेक्स आले आणि ते काम गेलं, मग शाळांच्या भिंतींवर सुविचार लिहू लागलो. ज्या जागेला भिऊन पळालो तिथंच पोट भरायला आलो. अजूनही घंटा झाली की माझा ब्रश थांबतो.

बाईंच्या शाळेत वरच्या व्हरांड्यात असाच एक सुविचार लिहीत होतो. साडीखाली कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, अशा एक बाई मागं येऊन उभ्या राहिल्या. “पेंटर, हे वाचतं कोण?” मी म्हटलं, “पोरं.” “एक पोरगं दाखवा मला वाचताना.” मधली सुट्टी होईपर्यंत त्यांनी मला शिडीवरून उतरवून उभं केलं. घंटा झाली, दोनशे पोरं आमच्या अंगावरून गेली, एकानंही मान वर केली नाही. “काय करत्यात?” “पळत्यात.” “मग पळायचंच काढा की! शब्द कशाला?”

त्या शाळेला मैदान उरलं नव्हतं. अर्ध्यावर नवी इमारत, अर्ध्यावर शिक्षकांच्या गाड्या. बाईंचं म्हणणं एकच, की पोरांना हलायला आता हा व्हरांडाच आहे, तर त्यालाच मैदान करायचं. जमिनीवर लंगडीची घरं, बेडूकउड्या, एका पायाची पावलं, भिंतीवर उंच हाताचे पंजे... उडी मारून टाळी द्यायला. ऐकायला सोपं. पण बाईंनी माझा जीव नुसता काढला. मी आपला बोर्डवाला माणूस, सुतळी ताणून फुटाफुटावर एकसारखी घरं आखली. त्यांनी ती ओल्या फडक्यानं पुसली. “पोरं काय फूटपट्टीनं उड्या मारत्यात व्हय?” मग दुसरीतल्या पोरांच्या तळपायांना कॅरमची पावडर लावून त्यांना उड्या मारायला लावल्या. पावलं जिथं उमटतील तिथंच खूण. पावडर सगळ्या वर्गांत गेली, शिपाईमामांनी मला शिव्या घातल्या, बाईंना कोण घालणार! एवढं होऊन मग मलाही लंगडी घालायला लावायच्या. चाळिशीच्या माणसाला, भर व्हरांड्यात, पोरांसमोर. “रंग लावायच्या आधी उडी मारायची, पेंटर. ज्याचा गुडघा दुखंल त्यालाच कळंल.” सहा वेळा पुसलं. पळून जावंसं वाटलं. पण या खेपेला गेलो नाही.

आता माझी चूक. व्हरांड्याच्या उजव्या टोकाला मुख्याध्यापकांचं ऑफिस, डाव्या टोकाला पाण्याचे नळ. बाईंनी बजावून सांगितलं होतं, ऑफिसकडून सुरुवात करा, पोरं नळाकडं गेली पाहिजेत. एवढं सांगून त्या दोन दिवस खो-खोच्या सामन्यांना राधानगरीला गेल्या. मी कामाला बसलो, आणि हाताला जन्माची सवय लागलेली... अक्षरं डावीकडून सुरू होतात, तसा मी डावीकडून सुरू झालो. एक ते वीस घरं, सगळी पावलं ऑफिसकडं तोंड करून. शेवटचं ‘शाब्बास!’ पिवळ्या रंगात, बरोबर हेडसरांच्या उंबऱ्यासमोर. मला तर ते फार देखणं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी तपासणीला साहेब आले. चहा चालू होता. मधली सुट्टी झाली आणि दुसरीतली एक मुलगी लंगडी घालत आली ती वेग आवरेना म्हणून थेट ऑफिसात. मागून आणखी चौघं. ट्रे पडला, चहा साहेबांच्या कागदांवर. साहेब हसले म्हणे, पण हेडसर बाहेर आले ते लाल होऊन. “कुणाचं डोकं हे? आत्ताच्या आत्ता सगळं खरवडून काढायचं!” मी ब्रश धरून उभा. आठवीच्या वर्गात उभा राहायचो तसाच. तेवढ्यात सामन्यांहून परतलेल्या बाई खांद्यावरची पिशवी न उतरवताच पुढं झाल्या. एकदा पावलांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. “मीच सांगितलं होतं, सर. पेंटरचा काय दोष न्हाय.” हेडसरांनी लेखी खुलासा मागितला. बाईंनी तिथंच लिहून दिला, “दिशेचा अंदाज माझा चुकला.” शेवटची चार घरं खरवडून आम्ही तिथं एक गिरकी काढली, पोरं ऑफिसच्या अलीकडं वळून परत नळाकडं जाऊ लागली. व्हरांडा वाचला. तो बघून दुसऱ्या शाळांनी मला बोलावलं, आज माझं घर त्यावरच चालतं. मी बाईंना विचारलं, का केलंत असं? तर वैतागून म्हणाल्या, “तुम्ही पळून गेला असता. मग उरलेल्या बेडूकउड्या मी काढू व्हय?”

अशा बाई. शाळेतल्या प्रत्येक पोराचा दम किती टिकतो हे त्यांना पाठ, आणि स्वतःच्या छातीतल्या कळांना म्हणे पित्त! निवृत्तीनंतरही जिना चढताना थांबायच्या, मी विचारलं की “रंगाच्या वासानं होतंय” म्हणायच्या. रंग तुमच्या निवृत्तीआधीच वाळला होता हो बाई... राग येतो. दवाखाना त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या लांब होता. दुसऱ्यांना उड्या मारायला लावणाऱ्या बाईंना तेवढं चालवलं नाही.

शोकसभेत हेडसरांनी लंगडीचा किस्सा सांगितला. मायेनंच सांगितला. “बाईंचा उत्साह एवढा, की पोरं कुठं जाणार हे बघायचंच विसरल्या!” सगळे डोळे पुसत हसले. नंतर बाईंची मुलगी सुप्रियाताई, पुण्याहून आलेली, मला गाठून म्हणाली, “काका, आईनं खरंच तसं सांगितलं होतं? ती दिशा चुकायची नाही हो कधी.” यापेक्षा सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसेल. आणि मी म्हणालो, “व्हय ताई, घाईत होत्या त्या.” पहिल्या वेळी नुसता गप्प होतो. या वेळी बोललो, आणि खोटं बोललो.

सुप्रियाताई, तुमच्या आईनं मला बरोबर सांगितलं होतं. ऑफिसकडून नळाकडं. उलटं मी काढलं. हे इथं लिहिणं त्यातल्या त्यात सोपं आहे, कुणी समोर नसतं. तो खुलासा मात्र शाळेच्या फायलीत बाईंच्या सहीनं तसाच आहे. त्याला जोडून माझा एक कागद लावा, असं हेडसरांना सांगायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलोय, आणि दोनदा माघारी फिरलोय. तिसऱ्यांदा जाणार आहे. कधी, ते आज सांगत नाही, माझा माझ्यावरच भरवसा नाही. पण एक दिवस त्या टेबलासमोर उभा राहून, सगळ्या शिक्षकांच्या देखत, मोठ्यानं सांगणार. बाई, तुमचं एवढं मी फेडणार.