मांजरी ते धायरी, पिवळा दिवा लावून

पुण्याजवळच्या मांजरीत, मुलाच्या सोसायटीतून गाडी बाहेर काढली तेव्हा शेजारच्या शेतात ऊसतोड चालली होती. नव्याकोऱ्या इमारती आणि त्यांना खेटून उसाचे फड, असं हे गाव. वरच्या खिडकीत जिमचं यंत्र दिसतं आणि खाली पाचटाचे (उसाच्या वाळल्या पानांचे) ढीग. भिशीतल्या तुम्ही सगळ्यांनी बजावलं होतं, पुण्याचं बारीकसारीक लिहून पाठव, म्हणून मी डोळे उघडे ठेवून चालले होते. हडपसरच्या अलीकडे समोर डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि माझं पाहणं तिथेच संपलं.

अकोल्याहून इथवर मी एकटीने गाडी आणली, हे तुम्हाला माहीत आहेच. निवृत्तीनंतर गाडी शिकले म्हणून हसणाऱ्यांतही तुम्हीच होतात. निखिल, माझा मुलगा, हसला नाही, तो घाबरला. आल्या दिवशीच त्याने अट घातली होती, "आई, तू इथे असेपर्यंत गाडीने एक जरी कुरबुर केली, तर ड्रायव्हर गाडी नेईल. तू रेल्वेने जायचं." एकदा किल्ली ड्रायव्हरच्या हातात गेली की माझ्याकडे परत येणार नाही, हे मी ओळखून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मला परत निघायचं होतं. म्हणजे निखिल संध्याकाळी ऑफिसातून यायच्या आत तो दिवा विझायला हवा होता, आणि त्याला कळताही कामा नये.

हडपसरच्या एका गॅरेजवाल्याने गाडीला स्कॅनर जोडला. "ऑक्सिजन सेन्सर," तो म्हणाला. धुरात प्राणवायू किती उरला ते हा सेन्सर इंजिनाला सांगतो, आणि तो गप्प झाला की इंजिन अंदाजाने पेट्रोल पितं, एवढं मला समजलं.

"आत्ता बदलता का?"

"परवा आणा."

"परवा मी अकोल्यात असेन."

"मग तिथे दाखवा," असं म्हणून तो दुसऱ्या गाडीकडे वळला.

सुटे भाग शनिवार पेठेत मिळतात, असं तिथल्याच एका गिऱ्हाइकाने सांगितलं. दिवा तसाच जळत ठेवून निघाले. दर सिग्नलला मी त्याच्याकडे पाही आणि तो माझ्याकडे. पेठेत गाडी लावायला जागा शोधताना एकाच बोळातून तीनदा गेले. तिसऱ्या वेळी ओट्यावरचे एक आजोबा म्हणाले, "अहो, इथेच राहायला आलात का?" शेवटी एका शाळेच्या भिंतीला गाडी लावली आणि पळत दुकान गाठलं.

दुकानदार चष्म्यावरून बघत होते. "ऑक्सिजन सेन्सर हवाय," मी म्हटलं आणि गाडीचं नाव सांगितलं.

"वरचा की खालचा?"

"म्हणजे?"

"आपल्या गाडीला दोन असतात. एक इंजिनाजवळ, एक खाली सायलेन्सरकडे. कोणता गेलाय?"

"ते माहीत नाही."

"मग माहीत झाल्यावर या." आणि त्यांनी पेपर उघडला.

मला असा राग आला की काय सांगू. पण त्यांचं चुकलं कुठे होतं?

तेव्हा आपल्या कुसुमला फोन लावला. तिचा भाचा गजानन धायरीत गॅरेज चालवतो. सिंहगड रस्त्याने धायरी गाठेपर्यंत दुपार झाली. एके काळचं हे खेडं आता इमारतींखाली दबलंय. गजाननने "या जी काकू" म्हटलं आणि तेवढ्यानेच मला घरी आल्यासारखं वाटलं. त्याने डबा पुढे केला. सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) आमटी होती. दोन घास कसेबसे खाल्ले. एरवी वाटी चाटूनपुसून ठेवली असती.

तेवढ्यात निखिलचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"धायरीत. कुसुमच्या भाच्याकडे जेवतेय."

"गाडी ठीक आहे ना?"

"गाडीला काय धाड भरलीय!"

गजानन बॉनेटमधून डोकं काढून माझ्याकडे बघत राहिला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "काकू, हे कोनं बांधलं इथं?"

आत एक पुरचुंडी लोंबत होती. तिला तंबाखूचा उग्र दर्प येत होता. चार दिवस एसी लावला की गाडीत हाच वास यायचा आणि मी मनातल्या मनात बिचाऱ्या वॉचमनला बोल लावत होते.

गजानन हसला. "मांजरीत उतरले ना तुम्ही? ऊस तुटला का उंदरं गाड्यांत शिरतात, वायरी कुरतडतात. म्हनून तिकडचे लोक तंबाखू बांधतात. पन ह्या मानसानं सेन्सरची वायर क्लिपातून काढून तिलेच पुरचुंडी बांधली. थे पाहा, वायर खाली आली, गरम पाइपावर टेकून जयली." (जयली म्हणजे जळली. पुण्यात माहेर असलेल्यांसाठी सांगते.)

पुरचुंडीच्या फडक्यावर निळी फुलं होती. निखिलच्या घरी ज्या उशीवर मी चार रात्री झोपले, तिच्या अभ्र्याच्या जोडीचं फडकं होतं ते. मला आधी हसू आलं, मग संताप. तोंडाने ड्रायव्हरच्या धमक्या देणारा हा मुलगा गुपचूप खाली येऊन माझ्या गाडीला उंदरांपासून राखत होता.

पण भावुक व्हायला सवड नव्हती. वायर सेन्सरलाच जोडलेली असते, त्यामुळे अख्खा सेन्सर बदलणं आलं. गजाननने इंजिन थोडं कोमट केलं, आट्यांवर तेल मारलं आणि खाच असलेला पाना घालून जोर लावला. पहिल्या खेपेला पाना सटकून त्याची बोटं सोलवटली. दुसऱ्या खेपेला सेन्सर करकरत सुटला. तो रुमालात गुंडाळून मी रिक्षाने पुन्हा शनिवार पेठ गाठली.

दुकानदारांनी पेपर खाली ठेवला. "आलात का माहीत होऊन?"

"वरचा," मी म्हटलं, आणि रुमाल त्यांच्यापुढे सोडला.

त्यांनी नवा सेन्सर काढून दोन्हींचे प्लग जुळवून पाहिले. "टोकाला बोट लावू नका. आणि हो, ही वायर भाजलीय. गाडी चालवायची असते, तळायची नसते."

परतीच्या वाटेवर रिक्षा अडकली आणि मी उगाचच पाय आपटत राहिले. गजाननने नवा सेन्सर बसवला, वायर क्लिपात नीट दाबली आणि स्कॅनरने जुनी नोंद पुसली. मी किल्ली फिरवली. सगळे दिवे एकदम लागले आणि एकेक करत विझले. पिवळाही विझला. मांजरीला मी निखिलच्या आधी पोचले, फार नाही, चहाचं आधण ठेवण्याइतकी आधी.

सकाळी त्याने माझी बॅग खाली आणली आणि बॉनेट उघडलं. आत वाकून तो चाचपडत राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी डिकीतून पुरचुंडी आणि जळका सेन्सर काढून त्याच्या हातावर ठेवला.

"वायरीला बांधली होतीस," मी म्हटलं.

त्याने जळकी वायर उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे दिवा लागला होता?"

"लागला होता."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर ड्रायव्हर बोलावला असतास."

"हो, बोलावला असता." तो पुन्हा आत वाकला, काहीतरी खुडबुडला. सगळं ठीक आहे ना ते बघत असेल असं मला वाटलं. मग त्याने बॉनेट बंद केलं आणि माझ्यासाठी दार उघडलं. ड्रायव्हरच्या बाजूचं.

"शिरूरला पोचलीस की फोन कर."

शिरूरला केला, जालन्यालाही केला. दिवा पुन्हा लागला नाही, तरी सारी वाट माझा एक डोळा त्याच्यावरच होता. अकोल्याला घरी पोचल्यावर ह्यांना नवा सेन्सर दाखवावा म्हणून बॉनेट उघडलं, तर निळ्या फुलांची पुरचुंडी आतच होती. या वेळी पुढच्या लोखंडी पट्टीला, सगळ्या वायरींपासून लांब, दोन गाठी मारून बांधलेली.

आपल्या गल्लीत ऊस नाही आणि उंदरांचाही त्रास नाही. ह्यांनी विचारलं, "सोडू का ही?" मी म्हटलं, असू दे.