वहिनींनी न केलेला अर्ज

माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोला मीसुद्धा वहिनीच म्हणते. हसू नका. दहा वर्षांपूर्वी मी पुण्याहून नोकरीसाठी मेलबर्नला आले, तेव्हा ग्लेन वेव्हर्लीतल्या त्यांच्या घरी सगळी मराठी मंडळी जमायची आणि सगळ्यांच्याच त्या वहिनी होत्या. पुढे त्यांचं आणि सुहासचं फाटलं (माझ्यामुळे नाही, हे मी अजून प्रत्येकाला सांगत असते), घटस्फोट झाला, सुहासशी माझं लग्न झालं, पण जिभेची सवय काही गेली नाही. आजही मंडळाच्या कार्यक्रमात बायका मलाच विचारतात, वहिनी कशा आहेत गं? माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मग मी गोड हसून सांगते, छान आहेत.

वहिनी गोडा मसाला गॅरेजमध्ये भाजायच्या. घरात भाजला तर स्मोक अलार्म कोकलतो, म्हणून गॅरेजचं दार अर्धं वर करून, नाकाला ओढणी बांधून, कॅम्पिंगच्या शेगडीवर. मग गल्लीभर वास आणि घरोघरी बरण्या. एक बरणी मलाही यायची. लग्नानंतरसुद्धा! मी ती दोन महिने उघडलीच नाही. शेवटी घरातला विकतचा मसाला संपला म्हणून उघडली, तर सुहास पहिल्याच घासाला म्हणाला, "आज आमटी जमली हं तुझी." पुढचे चार दिवस मी त्याला पास्ता खायला घातला.

"माझं काय, बघू सावकाश," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दाढ ठणकत असली तरी सावकाश. पाळणाघरातली नोकरी आठवड्यातून तीनच दिवस होती, ती वाढवायचीही सावकाश. आधी मुलाची शाळा, मग सासूबाईंचं डायलिसिस. त्यामुळे निवृत्तीसाठी पगारातून साठतो तो सुपर, सुहासचा भरभक्कम आणि त्यांचा चिमूटभर. घर सुहासच्या एकट्याच्या नावावर. आणि घटस्फोटानंतर सासूबाई राहिल्या कुणाकडे? तर वहिनींकडे, त्याच घरात. आम्ही दोघं क्लेटनच्या दोन खोल्यांच्या युनिटमध्ये. हॉस्पिटलला मीच नेते, तर त्या माझ्याकडेच बऱ्या, असं वहिनींनी सांगून टाकलं. आईंनी मुलाला एका शब्दाने विचारलं नाही. मला तर नाहीच नाही.

वाटणीचं सुहासने त्यांच्याशी तोंडी ठरवलं होतं. घर आणि सुपर निम्मं निम्मं, पण आई आहे तोवर विषय नको, तिच्या जिवाला लागेल. वहिनींना हे इतकं पटलं की त्यांनी साधा कागदही मागितला नाही. सासूच्या देखत घराच्या वाटण्या करायच्या नाहीत, असं त्यांचं वळण. इथला कायदा मात्र कुणाची सासू आजारी आहे ते बघत बसत नाही. घटस्फोट पक्का झाला की त्या दिवसापासून बारा महिन्यांत वाटणीसाठी कोर्टात अर्ज करावा लागतो. वकिलाने सुहासला पाठवलेल्या पत्रात हे ठळक अक्षरांत होतं. सुहासने ते न वाचताच खणात टाकलं. मी वाचलं.

मुदत संपायला अकरा दिवस उरले असताना मी आईंचा नवा वॉकर पोचवायला गेले होते. वहिनींनी चहा दिला, कणीक मळायला घेतली आणि आतल्या खोलीकडे बघत हळूच विचारलं, "मेधा, तू ऑफिसात कागदपत्रं बघतेस. हे घराचं, सुपरचं, उशिरा केलं तर चालतं ना गं?"

मी सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते. तेवढ्यात आतून आईंनी हाक मारली, "सूनबाई, जरा ये गं." वहिनींचे हात कणकेत होते, म्हणून मी उठले. शिवाय आता सून मीच होते की. मला दारात बघून आई म्हणाल्या, "तू नव्हे. ती."

मी परत येऊन बसले आणि म्हटलं, "मला काही कल्पना नाही, वहिनी. सुहासला विचारा."

"जाऊ दे. आई आहेत तोवर नकोच," त्या म्हणाल्या. सुहास शब्दाचा पक्का आहे, असंही वर म्हणाल्या. निघताना चार पोळ्या आणि भाजी बांधून दिली. मी ती घेतली.

आई पुढच्या हिवाळ्यात गेल्या. महिन्याभराने वहिनींनी विषय काढला, तेव्हा मुदत उलटून बरेच महिने झाले होते. सुहासने वकिलाला विचारलं आणि तेव्हापासून त्याचं नुसतं 'बघू, बघू' सुरू झालं. कोर्ट खास परवानगी देऊ शकतं म्हणे, पण त्यासाठी आपले हाल कोर्टापुढे मांडावे लागतात, आणि वहिनी दाढदुखीसुद्धा कुणाला सांगायच्या नाहीत. त्यांनी दोन सुटकेस भरल्या आणि कॅनबेराला, गुंगालिनमध्ये मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिथल्या पाळणाघरात नव्याने नोकरी धरली.

जाताना किल्ली त्यांनी माझ्याच हातात दिली. हीटर कसा लावायचा ते दाखवलं, कचऱ्याची कुठली बिन कुठल्या वारी बाहेर काढायची ते सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चूक माझीच. तुला विचारलं होतं मी, पण तुला तरी कुठून माहीत असणार?" त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. इतकं चांगलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

वकिलाने तेव्हा आणखी एक गोष्ट सांगितली होती. मुदत गेली तरी दोघांचीही संमती असेल, तर वाटणी अजून कोर्टातून करून घेता येते. वहिनींना हे माहीत नाही. सुहासला माहीत आहे, आणि तो मनाने वाईट नाही. मी एकदा म्हटलं तर उद्या सही करेल. जेवायला बसलो की कधी कधी तो माझ्याकडे बघत राहतो, मी काही बोलेन म्हणून. मी त्याला भात वाढते.