मलम लागू पडेपर्यंत

राजोडीच्या किनाऱ्यावर शिंपल्याने लेकीचा गुडघा चिरला, म्हणून तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टर पन्नाशीच्या, चालायला अगदी संथ. जखम धुऊन त्यांनी बधिर करणारं मलम भरलं आणि वर पट्टी चिकटवली. मग स्टुलावर बसून डब्यातून आपल्या वाडीतला मोगरा काढला आणि सुई-दोऱ्याने गजरा ओवायला घेतला.

रडणाऱ्या पोरीसमोर सुई कशाला काढायची? मी वैतागलोच. "डॉक्टरांना बोलवा ना," म्हटलं.

"घाई तुमाला हाय, मलमाला नाय," वर न बघता त्या म्हणाल्या आणि लेकीपुढे हात केला. ती एकेक कळी देऊ लागली. सुई कळीतून आरपार जाताना बघण्यात रडणं कधी थांबलं, कळलंच नाही.

अर्ध्या तासाने त्यांनी पट्टी काढली. जखमेच्या कडा पांढुरक्या झाल्या होत्या. सिस्टरांनी तिथे दाबून पाहिलं, तरी लेक हूं की चूं करेना. तेव्हा कुठे त्यांनी डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टरांनी टाके घातले. लेक वाकून बघत होती. शेवटची गाठ मारल्यावर ती म्हणाली, "तुम्ही फुलं घालायची विसरलात."

सिस्टरांनी गुडघ्याला बँडेज बांधलं आणि त्यावर गजरा.